चूल, बंब आणि धूर : वाचकांचे प्रश्न

घरगुती जळणाविषयी या सदरासाठी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील आहेत. गॅस घरात येऊनही चूल विझलेली नाही, हे त्यांवरून स्पष्ट दिसते. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

आमच्याकडे गॅस आहे, पण भाकरी चुलीवरच होते. पावसाळ्यात जळण दमट राहते, घर धुराने भरते आणि सासूबाईंचा खोकला वाढतो. पेटवण्यासाठी रॉकेल शिंपडावे लागते. धूर कमी कसा करावा?
— एक भगिनी, पाटण तालुका

धूर म्हणजे न जळलेले जळण. लाकूड तापले की त्यातून ज्वलनशील वायू आणि डांबरासारखी द्रव्ये बाहेर पडतात. त्यांना पुरेशी धग आणि पुरेशी हवा मिळाली तर त्यांची ज्योत होते. न मिळाली तर तीच द्रव्ये डोळ्यांत, छातीत आणि छपराच्या वाशांवर जाऊन बसतात. त्यामुळे धूर कमी करणे आणि जळण वाचवणे ही दोन वेगळी कामे नाहीत.

ओल्या लाकडाने नेमके काय होते, याचा हिशेब करून पाहावा. नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात साधारण निम्मे पाणी असते. असे एक किलो लाकूड चुलीत घातले, तर अर्धा किलो पाण्याची वाफ करण्यात सुमारे ३०० किलोकॅलरी उष्णता खर्च होते आणि उरलेल्या अर्ध्या किलो कोरड्या लाकडातून सुमारे २,२०० किलोकॅलरी मिळू शकते. म्हणजे वाफेत जाणारा वाटा सातव्या हिश्शाच्या आसपास आहे, आणि तेवढेच नुकसान असते तर ओल्या लाकडाची एवढी तक्रार करण्याचे कारण नव्हते. खरे नुकसान पुढचे आहे. त्या वाफेमुळे विस्तवाची धग उतरते, लाकडातून निघालेले वायू पेटू शकत नाहीत आणि जळणाचा मोठा भाग धूर होऊन निघून जातो.

म्हणून पावसाळ्याची तयारी उन्हाळ्यातच व्हायला हवी. जळण होळीच्या आधी तोडून, मनगटाच्या जाडीएवढे फोडून, एप्रिल-मेच्या उन्हात दोन महिने मोकळे रचून ठेवावे आणि मृगापूर्वी आडोशाला न्यावे. ओंडका न फोडता ठेवला तर साल पाणी धरून ठेवते आणि वरून वाळलेले लाकूड आतून ओलेच राहते. वाळलेल्या लाकडाच्या टोकांना चिरा पडतात, ते हाताला हलके लागते आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटले की खणखणीत आवाज येतो. थर जमिनीवर न लावता दगडांवर किंवा फळ्यांवर वीतभर उंच लावावा. वरून झाकण असावे, पण बाजू मोकळ्या असाव्यात, कारण चारही बाजूंनी ताडपत्री गुंडाळली की आतला दमटपणा आतच राहतो. पाटणच्या पावसात अशा ढिगात विंचू आणि साप आसरा घेतात. तेव्हा अंधारात तेथे हात घालू नये.

चुलीवरच्या माळ्यावर जळण सुकवण्याची रीत आपल्या भागात जुनी आहे, परंतु ती मला धोक्याची वाटते. माळ्याला चिकटलेली काजळी स्वतःच पेट घेणारी असते आणि तिच्यापर्यंत एखादी ठिणगी पोहोचणे अवघड नाही. दुसऱ्या दिवसाचे जळण चुलीपासून तीन-चार फूट बाजूला उभे करून ठेवावे. रात्री स्वयंपाक आटोपल्यावर ‘सकाळपर्यंत सुकेल’ म्हणून चुलीच्या तोंडात लाकडे सरकवून झोपणे तर कटाक्षाने टाळावे.

पेटवण्याच्या पद्धतीनेही बराच फरक पडतो. चुलीच्या तळाशी दोन विटांच्या तुकड्यांवर लोखंडी जाळी ठेवावी आणि लाकडे जाळीवर ठेवावीत, म्हणजे खालून हवा मिळेल आणि राख खाली पडेल. जाळीखालची राख रोज काढावी. चुलीचे तोंड लाकडांनी गच्च भरू नये. दोन-तीन बारीक लाकडांची टोकेच जळत ठेवून ती हळूहळू पुढे सरकवावीत. गुऱ्हाळाच्या चुलवणात जाळ घालणारा माणूस चिपाड एकदम न कोंबता थोडे थोडे घालत राहतो, तसेच हे काम आहे. सतत फुंकणी मारावी लागत असेल तर फुंकण्यात कसूर नाही, चुलीला हवा अपुरी पडते आहे असे समजावे.

रॉकेल मात्र पूर्ण बंद करावे. विझल्यासारख्या दिसणाऱ्या निखाऱ्यांवर रॉकेल, डिझेल किंवा पेट्रोल पडले की आधी त्याची वाफ होते आणि ती एकदम भडकून थेट हातावर व चेहऱ्यावर येते. नारळाच्या शेंड्या, वाळलेल्या तुराट्या किंवा मक्याची बुरकुंडे एका डब्यात कोरडी ठेवली तर पेटवण्याचे काम भागते. भाकरी फुलवण्यासाठी निखारे चुलीच्या तोंडाशी ओढून घेतले की मोठ्या जाळाची गरज उरत नाही.

आता सासूबाईंच्या खोकल्याविषयी. घरातील धुराच्या प्रदूषणामुळे २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. फुप्फुसांचे दीर्घ आजार, हृदयविकार आणि पक्षाघात हे त्यांत प्रमुख आहेत. तरीही प्रत्येक खोकला धुराच्या माथी मारून गप्प बसू नये. खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला असेल तर क्षयरोगासाठी थुंकीची तपासणी करणे आवश्यक आहे. ती सरकारी रुग्णालयात विनामूल्य होते. तोपर्यंत त्यांना चुलीपुढे बसवू नये आणि घरातल्या लहान मुलांनाही त्या वेळी तेथे थांबू देऊ नये.

नव्या घरात पारंपरिक चूल हवी, अशी आईची इच्छा आहे. धुराडे बांधले की पुरेसे होईल का?
— एक निवृत्त शिक्षक, सातारा

धुराडे आवश्यक आहे, पण ते धूर कमी करत नाही, धुराची जागा बदलते. चूल तशीच राहिली तर आपल्या घरातला धूर शेजारच्या खिडकीत जाईल. म्हणून आधी चूल सुधारावी आणि मग धुराड्याकडे वळावे.

साध्या मातीच्या चुलीत जळणाच्या उष्णतेपैकी साधारण १० ते १५ टक्केच भांड्यापर्यंत पोहोचते. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १३१५२ या मानकानुसार सुधारित चुलीची कार्यक्षमता किमान २५ टक्के असावी लागते आणि पंख्याच्या चुलीसाठी ही मर्यादा ३५ टक्के आहे. तयार चूल घेणार असाल तर विक्रेत्याकडे या मानकाची विचारणा करावी. हाताने बांधायची असेल तर भांडे आणि चुलीची कड यांच्यामधली फट बोटभरच ठेवावी. त्याहून मोठी ठेवली की ज्वाळा भांड्याला न चाटता बाजूने निघून जाते. मागे वैल काढला तर उरलेल्या धगीवर पाणी किंवा डाळ होते. मात्र वैल रिकामा असताना त्यावर झाकण ठेवावे, अन्यथा धूर तेथूनच घरात येतो.

धुराडे शक्यतो सरळ वर न्यावे. गरम वायू हलके असल्यामुळे वर चढतात आणि चुलीत नवी हवा ओढून घेतात. प्रत्येक वळणावर ही ओढ कमी होते. टोक आढ्यापेक्षा किमान दोन फूट वर असावे, कारण ते खाली राहिले की छपरावरून वळलेला वारा धूर परत आत ढकलतो. वर पावसासाठी टोपी असावी. पत्र्याची नळी लाकडी वाशांजवळून किंवा छताच्या फळ्यांमधून नेताना चहूबाजूंनी दीड फुटाचे अंतर राखावे, आणि ते शक्य नसेल तर नळी भिंतीतून बाहेर काढून वर न्यावी.

धुराडे बांधून झाल्यावर त्याच्याकडे कोणी पाहत नाही, हा सार्वत्रिक अनुभव आहे. केंद्र सरकारने १९८० च्या दशकात राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम हाती घेतला आणि २००२ मध्ये तो बंद केला. त्या काळात देशभर कोट्यवधी चुली बसवल्या गेल्या, पण नळ्या तुंबल्या, चुलींना तडे गेले, दुरुस्ती झाली नाही आणि अनेक घरांत पुन्हा जुनी चूल आली. ओल्या जळणाची काजळी चिकट, डांबरी असते आणि नळीत साचून ती पेट घेऊ शकते. तेव्हा नळीच्या बुडाशी साफ करण्यासाठी झाकणाचे तोंड ठेवावे आणि रोजच्या वापरात महिन्यातून एकदा काथ्याचा किंवा तारेचा झाडू फिरवावा. ही व्यवस्था आताच, बांधकाम चालू असताना करून घ्यावी.

थंडीत बंब न्हाणीतच पेटवतो. सगळे निखारे झाले, धूर उरला नाही, की दार लावून अंघोळ करतो. एकदा मुलाला गरगरले. बंबामुळे असे होते का?
— एक वाचक, वाई

होय, आणि हे पत्र वाचून मला काळजी वाटली. धूर दिसत नाही म्हणजे हवा शुद्ध आहे, हा समज जीवघेणा आहे. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा वायू बाहेर पडतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि तो डोळ्यांत झोंबतही नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, त्यामुळे श्वास व्यवस्थित चालू असतानाही शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे आणि हातापायांतले बळ जाणे ही त्याची लक्षणे आहेत. त्यानंतर येणारी झोप ही बेशुद्धीची सुरुवात असते, आणि दार आतून लावलेले असेल तर बाहेरच्यांना काही कळतही नाही.

बंब परसात किंवा पडवीत न्यावा आणि गरम पाणी बादलीने आत आणावे. जागेअभावी ते शक्य नसेल तर पाणी तापल्यावर निखारे घमेल्यात काढून उघड्यावर ठेवावेत आणि न्हाणीचे दार-खिडकी काही वेळ उघडी ठेवून मगच अंघोळीला जावे. थंडीत खोलीत शेगडी किंवा निखाऱ्यांचे घमेले ठेवून झोपण्यालाही हेच लागू आहे. पुन्हा असा त्रास झाल्यास त्या व्यक्तीला तत्काळ मोकळ्या हवेत आणावे, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि बरे वाटू लागले तरी डॉक्टरांना दाखवावे. आता मुलाला बरे वाटत असले तरी झालेला प्रकार डॉक्टरांच्या कानावर घालावा, असे मी सुचवेन.

बंबाविषयी आणखी एक गोष्ट : पाणी भरल्याशिवाय तो पेटवू नये, कारण कोरडा बंब तापला की त्याचे सांधे सुटतात. उकळते पाणी आणि वाफ बाहेर पडण्याची वाटही कधी बोळा घालून बंद करू नये.

एकाच स्वयंपाकघरात ओट्यावर गॅस आणि खाली चूल आहे. धोका आहे का?
— एक गृहिणी, कवठे महांकाळ

आहे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो जमिनीलगत पसरतो, आणि आपली चूल नेमकी जमिनीवर आहे. वर उभ्या असलेल्या माणसाला वास येण्याआधीच तो विस्तवापर्यंत पोहोचू शकतो. चूल वेगळ्या खोलीत किंवा पडवीत न्यावी. तोवर दोन्ही एकाच वेळी पेटवू नयेत आणि चूल पेटवण्यापूर्वी रेग्युलेटर बंद करावा. गळतीची तक्रार १९०६ या क्रमांकावर चोवीस तास नोंदवता येते.

चुलीपुढे बसताना सुती कपडे असावेत आणि पदर खोचलेला असावा. नायलॉन किंवा पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटते. भाजल्यास बांगड्या आणि अंगठी लगेच काढून तो भाग वीस मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरावा. टूथपेस्ट, शाई, हळद किंवा तेल लावू नये.

द्राक्षबागेच्या छाटणीच्या काड्या, उसाचे पाचट, जुने प्लायवूड हे सर्व चुलीत घातले तर चालेल का? पेटवायला दुधाच्या पिशव्या वापरतो.
— एक बागायतदार, तासगाव तालुका

पिशव्या आणि प्लायवूड नको. प्लॅस्टिक, थर्माकोल, टायरचे तुकडे, जुनी पादत्राणे आणि रंग लावलेले लाकूड यांच्या धुरात विषारी द्रव्ये असतात आणि त्याच जाळावर आपण भाकरी भाजतो. बांधावरची कण्हेरही चुलीत घालू नये. तिचे सर्व भाग विषारी आहेत.

द्राक्षाच्या काड्या चांगल्या पेटतात, हे खरे आहे. परंतु एप्रिलच्या खरड छाटणीत निघणाऱ्या काडीवर हंगामभर बुरशीनाशकांच्या आणि कीटकनाशकांच्या फवारण्या झालेल्या असतात, त्यामुळे घरातल्या चुलीसाठी मी त्या सुचवणार नाही. बारीक करून बागेतच कुजवल्या तर जमिनीला सेंद्रिय कर्ब तरी मिळेल. पाचटाचा जाळ भसकन होतो, निखारा उरत नाही आणि चुलीपासून उठता येत नाही. तेही शेतात आच्छादन म्हणून ठेवणेच फायद्याचे आहे. पाचटापासून कोळसा करून त्याच्या कांड्या पाडण्याचे तंत्र पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने विकसित केले असून त्यासाठी तिला २००२ मध्ये ॲश्डेन पुरस्कार मिळाला. अशा कांड्या वापरल्यास वाईच्या वाचकांना दिलेले उत्तर आपल्यालाही लागू होते, कारण तो कोळसाच आहे. रोजच्या जळणासाठी बाभूळ आणि सुबाभूळ यांच्याइतका टिकाऊ निखारा देणारे लाकूड आपल्या भागात सहज मिळणारे दुसरे नाही.

चुलीची राख उसाला घालावी का?
— एक शेतकरी, वाळवा तालुका

जमीन चोपण किंवा क्षारपड असेल तर घालू नये. राख अल्कधर्मी असते आणि कृष्णाकाठच्या अशा जमिनींत ती त्रासच वाढवेल. इतर जमिनींत माती परीक्षण करून थोड्या प्रमाणात घातल्यास पालाश आणि चुना मिळतो. राखेत निखारे एक दिवसाहून अधिक काळ जिवंत राहू शकतात, म्हणून ती प्लॅस्टिकच्या बादलीत, पोत्यात किंवा वाळलेल्या उकिरड्यावर टाकू नये. पत्र्याच्या डब्यात, झाकण लावून, गोठ्यापासून आणि कडब्याच्या गंजीपासून दूर दोन दिवस ठेवावी आणि मगच शेतात न्यावी.