फांग लिजुन यांची टकली माणसं आणि लाकडाचा ठोकळा

तुमचा प्रश्न असा: चिनी चित्रकार फांग लिजुन तैलचित्रांमुळे जगभर गाजले, मग ते पुन्हा पुन्हा लाकूड कोरायला का बसतात? माझ्या मते ते लाकडाकडे वळले नाहीत, ते तिथूनच आले.

जन्म १९६३चा, हपेइ प्रांतातल्या हानतानचा. आधी सिरॅमिक्स शिकले, मग बीजिंगच्या मध्यवर्ती ललितकला अकादमीतून छापचित्रण घेऊन १९८९ मध्ये बाहेर पडले. चीनमध्ये या विषयाला एक इतिहास चिकटलेला आहे. ऑगस्ट १९३१ मध्ये लेखक लू शुन यांनी शांघायमध्ये १३ तरुणांसाठी ६ दिवसांचा काष्ठछापाचा, म्हणजे लाकूड कोरून छाप काढण्याचा, वर्ग भरवला. शिकवायला जपानी शिक्षक, दुभाष्याचं काम खुद्द लू शुन यांच्याकडे. (ज्या देशात इ.स. ८६८ मध्ये लाकडी ठशांनी वज्रसूत्र हा बौद्ध ग्रंथ छापलं गेलं, त्याला ही कला जपान-युरोपचा फेरा मारून परत शिकावी लागली!) लाकूड स्वस्त, प्रती हव्या तेवढ्या, डाव्या चळवळीला आणखी काय हवं? चित्रकार ली ह्वा यांचा १९३५चा एक प्रसिद्ध छाप बघा: खांबाला करकचून बांधलेला, डोळ्यांवर पट्टी असलेला उघडा माणूस तोंड फाडून गरजतोय. पुढे हीच ठसठशीत काळी रेघ कम्युनिस्ट पक्षाच्या प्रचाराला जुंपली गेली.

आता फांग यांचं १९९१-९२चं 'मालिका २, क्र. २' हे तैलचित्र घ्या. पुढे टकला माणूस, डोळे मिटलेले, तोंड सताड उघडं. मागे एकाच साच्यातून काढल्यासारखी आणखी टकली. ओरडतोय की जांभई देतोय? १९९३ मध्ये एका अमेरिकी वृत्तपत्राच्या मासिकाने ते मुखपृष्ठावर घेतलं आणि ही नुसती जांभई नव्हे, चीनला मुक्त करू शकणारी आरोळी आहे, अशा अर्थाचा मथळा दिला. मला ते वाचून हसू येतं. १९८९ मध्ये बीजिंगच्या थ्येनआनमेन चौकातलं आंदोलन लष्कराने चिरडलं, त्यानंतरच्या चित्रात जांभई ही जांभई असणंच जास्त बोचरं आहे. समीक्षक ली शियानतिंग यांनी या पिढीला 'उपहासी वास्तववाद' हे नाव दिलं ते उगाच नाही.

१९९०च्या दशकाच्या मध्यापासून हीच टकली माणसं फांग यांच्या लाकडात उतरली. छापाचा आकार मात्र हातात धरण्याजोगा राहिला नाही. विजेच्या हत्यारांनी प्लायवूड कोरायचं, कागदाच्या लांबलचक उभ्या पट्ट्यांवर छाप घ्यायचे आणि त्या शेजारी शेजारी टांगायच्या. उंची माणसाच्या दुपटीहून जास्त, म्हणजे सिनेमाच्या होर्डिंगचीच जात. शीर्षकाच्या जागी नुसती तारीख, उदाहरणार्थ '२००३.२.१'.

मी हौसेने लिनो (छापासाठी कोरायचा लिनोलियमचा मऊ तुकडा) कोरतो. वहीच्या पानाएवढ्या तुकड्यात खांदा भरून येतो, आणि हात घसरला की चूक झाकायला वर रंग नसतो. त्यामुळे फांग यांच्या छापांतलं, आडव्यातिडव्या खाचांतून उभं राहिलेलं पाणी बघताना आधी मनगट आठवतं, अर्थ नंतर. तैलचित्रातली त्यांची त्वचा गुळगुळीत, जाहिरातीसारखी गुलाबी. लाकडात तिचीच चरे पडलेली साल होते. मला विचाराल तर हे छाप त्यांच्या रंगीत चित्रांपेक्षा सरस आहेत.

एकदा ली ह्वा यांचा तो छाप आणि हे टकलं फोनवर शेजारी शेजारी उघडा, आणि फक्त दोघांची तोंडं बघा.