ओळीने उजळणारे एलईडी क्रम का चुकवतात?

प्रश्न : ५५५ आणि ४०१७ या दोन आयसी वापरून दहा एलईडी एकामागून एक उजळणारे सर्किट मी ब्रेडबोर्डवर (भाग नुसते खोचून जोडायच्या पाटीवर) जोडले आहे. बॅटरी ९ व्होल्टची असून दहाही एलईडींना मिळून १ किलोओहमचा एकच रेझिस्टर लावला आहे. एलईडी उजळतात, पण भलत्याच क्रमाने. शिवाय हात जवळ नेला की मध्येच थबकतात किंवा पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. असे का होते? दिवाळीत आकाशकंदिलात सहाच एलईडी फिरवायचे आहेत, ते कसे जमवावे? त्याच सर्किटवर घरातले २३० व्होल्टचे दिवे चालतील का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्या वर्णनावरून दोन्ही आयसी शाबूत दिसतात, दोष जोडणीत असावा. ५५५चे काम ठरावीक अंतराने स्पंद देण्याचे, आणि प्रत्येक स्पंदागणिक ४०१७ आपले एक आउटपुट बंद करून पुढचे चालू करते. मात्र ही दहा आउटपुटे आयसीच्या पायांवर ओळीने मांडलेली नाहीत, आणि नवशिके बहुधा येथेच फसतात. पहिल्यापासून दहाव्यापर्यंत त्यांच्या पायांचा क्रम ३, २, ४, ७, १०, १, ५, ६, ९, ११ असा आहे. एलईडी याच क्रमाने जोडले की उड्या थांबतील.

हात नेल्यावर होणारा गोंधळ वेगळ्या कारणाचा आहे. ४०१७ ही सीमॉस जातीची आयसी असल्याने तिच्या इनपुटांना जवळजवळ प्रवाहच लागत नाही, आणि म्हणून मोकळा सोडलेला पाय हवेतल्या विद्युत क्षेत्राने, म्हणजे जवळ आलेल्या हातानेसुद्धा, कधी शून्य तर कधी पूर्ण व्होल्टेज दाखवू लागतो. पाय १३ असा वर गेला की मोजणी थांबते, आणि पाय १५ वर गेला की ती पहिल्या आउटपुटावर परतते. आपण सांगितलेली दोन्ही लक्षणे हीच आहेत. हे दोन्ही पाय ऋण टोकाला जोडावेत. पाय १४ला ५५५च्या पाय ३चे स्पंद द्यावेत, पाय १६ धन टोकाला आणि पाय ८ ऋण टोकाला. ५५५चे आउटपुट बदलताना ती क्षणभर पुरवठ्यातून मोठा प्रवाह ओढते, त्या धक्क्याने मोजणी एखादे वेळी दोन घरे पुढे सरकते. यासाठी प्रत्येक आयसीच्या पुरवठ्याच्या पायांलगत ०.१ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर लावावा.

एका वेळी एकच एलईडी उजळतो, म्हणून एकच रेझिस्टर पुरतो, असे बहुतेक आराखडे सांगतात. ९ व्होल्टवर मी तसे करणार नाही. उजळलेल्या एलईडीमुळे सामाईक तार सुमारे ६ व्होल्टवर जाते, बाकीच्या नऊ एलईडींची दुसरी टोके शून्यावर असतात आणि त्यांच्यावर उलट दिशेने तेवढा दाब येतो. अनेक एलईडींची ही मर्यादा ५ व्होल्टच असते. प्रत्येकाला स्वतंत्र १ किलोओहम दिल्यास ही अडचणच उरत नाही, आणि खर्चही किरकोळ वाढतो.

सहा एलईडींसाठी पाय १५ ऋण टोकापासून सोडवून तो सातव्या आउटपुटाला, म्हणजे पाय ५ला जोडावा. सहावा एलईडी विझताक्षणी सातवे आउटपुट वर जाते आणि मोजणी पहिल्यावर येते. हे इतके झटपट घडते की डोळ्याला खंड जाणवत नाही. वेगासाठी ५५५ला १० किलोओहम, ६८ किलोओहम आणि १ मायक्रोफॅरड द्यावेत. सेकंदाला सुमारे दहा स्पंद मिळतात. कॅपॅसिटर १० मायक्रोफॅरडचा केल्यास जवळपास एकच. कंदिलासाठी मधला वेग बरा दिसतो, म्हणून ६८ किलोओहमच्या जागी ४७० किलोओहमचा प्रीसेट, म्हणजे फिरवून मूल्य बदलता येणारा रेझिस्टर, ठेवून तो डोळ्यांनीच ठरवावा. कागदाआड उजेड अपुरा वाटला, तर प्रत्येक आउटपुट ४.७ किलोओहममधून बीसी५४७ ट्रान्झिस्टरच्या बेसला द्यावे आणि कलेक्टरला दोन पांढरे एलईडी १५० ओहमसह एकसर जोडावेत. ही छोटी चौकोनी बॅटरी मात्र रात्रभर तग धरणार नाही. ९ व्होल्टचा अडॅप्टर वापरावा.

२३० व्होल्टचे दिवे या सर्किटला थेट जोडता येणार नाहीत. त्यासाठी रिले (विद्युतचुंबकाने चालणारा स्विच) किंवा ऑप्टोकपलर (प्रकाशाने संकेत पलीकडे पोहोचवणारा भाग) मध्ये घालून दोन्ही बाजू पूर्ण अलग ठेवाव्या लागतात. ब्रेडबोर्डवर हे काम मुळीच करू नये, ते जाणकार वायरमनकडूनच करून घ्यावे.