लग्नानंतर लेस्टरला: आधी दाखला, मग पगाराचं गणित

प्रश्न: महिन्यापूर्वी साताऱ्यात माझं लग्न झालं. नवरा ब्रिटिश नागरिक आहे, लेस्टरला गोदामात नोकरी करतो. पगार वर्षाला २५,८०० पौंड, नोकरीला चार महिने झालेत. मला इथे महिना ४०,००० रुपये मिळतात. दोघांचे पगार धरले तर व्हिसा मिळेल का? तो पुढच्या आठवड्यात परत निघालाय, लग्नाची नोंदणी राहिलीय. पासपोर्टवरचं नाव आधी बदलू का?
(एक वाचक, सातारा)

उत्तर: सगळं बाजूला ठेवा आणि तो विमानात बसायच्या आत नोंदणी उरका. विवाह नोंदणीला नवरा, बायको आणि तीन साक्षीदार निबंधकासमोर हजर लागतात; लग्न लावलेल्या गुरुजींची सहीही लागते. ९० दिवस उलटून गेले तरी दंड भरून नोंदणी होते, पण नवऱ्याच्या एका सहीसाठी पुन्हा तिकीट काढावं लागेल. दाखला मिळाला की दोघांचे पासपोर्ट शेजारी धरून नावाचं अक्षर न् अक्षर तिथेच तपासा.

पासपोर्ट माहेरच्या नावाचा राहू द्या, त्याने काही अडत नाही. मध्येच बदललात तर व्हिसासाठीच्या इंग्रजी परीक्षेचा निकाल एका नावाचा आणि पासपोर्ट दुसऱ्या नावाचा, असा घोळ होतो.

आता पैसे. तुमचा इथला पगार पहिल्या अर्जात धरत नाहीत. एप्रिल २०२४ पासून नवऱ्याचं उत्पन्न वर्षाला २९,००० पौंड हवं. म्हणजे ३,२०० कमी पडतात. ही तूट बचतीतून भरता येते. तुटीची अडीचपट, म्हणजे ८,०००, अधिक १६,०००, असे २४,००० पौंड लागतील. रक्कम तुमच्या, त्याच्या किंवा दोघांच्या नावावर सलग सहा महिने हवी. मधे एक दिवस जरी खाली गेली तरी तो कमी आकडाच धरतात. वडिलांनी कायमचे दिलेले पैसे चालतात, उसने चालत नाहीत. मुदत ठेव हवी तेव्हा मोडता येणारी असावी. पैसे रुपयांत असतील तर थोडे जास्तच ठेवा, कारण हिशेब अर्जाच्या दिवशीच्या दराने होतो.

त्याच नोकरीत सहा महिने होऊ द्या. बचतीलाही तेवढाच काळ लागणार आहे. सहा महिन्यांच्या पगारपावत्या आणि त्याच महिन्यांचे बँकेचे उतारे जोडा. पावतीवर हातात आलेली जी रक्कम आहे, तीच उताऱ्यात पेनीसकट दिसली पाहिजे. मालकाच्या पत्रात वार्षिक पगार, तो कधीपासून मिळतोय आणि नोकरी कायम आहे की मुदतीची, हे लिहून घ्या. यातली शेवटची पावती, शेवटचा उतारा आणि पत्र अर्जाच्या तारखेआधी २८ दिवसांपेक्षा जुनं नको. बरेच अर्ज इथेच अडकतात: पत्र लवकर घेतलेलं असतं आणि अर्ज लांबतो.

इंग्रजीसाठी ‘आयईएलटीएस लाइफ स्किल्स ए१’ द्या. ही फक्त बोलण्या-ऐकण्याची परीक्षा. जोडीला आणखी एक परीक्षार्थी असतो आणि वीस मिनिटांच्या आत संपते. परदेशी शिक्षणासाठी देतात ती साधी आयईएलटीएस इथे चालत नाही. क्षयरोग तपासणी मान्यताप्राप्त केंद्रातच आणि शेवटी करा, कारण दाखला सहाच महिने चालतो. अर्जाच्या फीशिवाय आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५ पौंड. ३३ महिन्यांच्या व्हिसासाठी तो तीन वर्षांचा, म्हणजे ३,१०५ पौंड, एकरकमी भरावा लागतो.

प्रश्न: माझी मुलगी लग्नाच्या व्हिसावर ब्रिटनला आहे. जावई तिथला नागरिक. तो तिला मारतो, पासपोर्ट कुलपात ठेवतो, ‘व्हिसा रद्द करून हाकलीन’ म्हणतो. तिने काय करावं?
(एक आई)

उत्तर: व्हिसा रद्द करणं त्याच्या हातात नाही, हे आधी तिला सांगा. जीवाला धोका असेल तर ९९९, हा तिथला तातडीच्या मदतीचा क्रमांक. मोबाइलवरून बोलता येत नसेल तर फोन लागल्यावर, सांगितलं की ५५ दाबायचं. घरगुती हिंसेची मदतवाहिनी ०८०८ २००० २४७, मोफत, चोवीस तास. छळामुळे संसार मोडला तर तिला तिथे राहण्याची तीन महिन्यांची स्वतंत्र परवानगी मागता येते. त्या काळात सरकारी मदतही मिळू शकते आणि एरवीसारखं पाच वर्षं न थांबता कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. पासपोर्टच्या पानांचे फोटो, जखमांचे फोटो, धमकीचे संदेश तिने तुमच्याकडे पाठवून स्वतःच्या फोनमधून लगेच पुसून टाकावेत.