आधी भाषेचा क्लास लाव

प्रश्न : मी सांगलीत टी.वाय.बी.ए. करते, विषय इतिहास. आधुनिक युरोपच्या इतिहासात एम.ए. आणि मग संशोधन करायचं आहे. बाबा म्हणतात, 'परक्यांच्या राजेरजवाड्यांवर पोट भरणार का?' काय करू?

उत्तर : पोटापाण्याचं आधी उरकून टाकू. एम.ए., मग नेट किंवा सेट, मग प्राध्यापकी. वाट आहे, पण कायम जागा कमी, तासिका तत्त्वावर काही वर्षं जातील हे धरून चाल. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत जागतिक इतिहास आहे. पण तेवढ्यासाठी एम.ए. करू नकोस.

'परक्यांच्या' हा शब्द मात्र मला खटकला. नोव्हेंबर 1807 मध्ये नेपोलियनचं सैन्य लिस्बनच्या तोंडाशी आलं, तेव्हा पोर्तुगालचं राजघराणं अख्खा दरबार जहाजांत भरून ब्राझीलला निघून गेलं. 1808 ते 1821 पोर्तुगालच्या साम्राज्याचा कारभार रिओ द जानेरोतून चालला. गोव्याच्या गव्हर्नरालाही हुकूम तिथूनच. हे प्रकरण नुसतं युरोपचं म्हणून शिकताच येत नाही.

त्या साम्राज्याचे कागद तुझ्यापासून एका रात्रीच्या एस.टी.वर आहेत. लिस्बन-गोवा पत्रव्यवहाराची बाडं पणजीच्या पुराभिलेखागारात आहेत. पत्रं मोसमी वाऱ्यावर येणाऱ्या जहाजांतून यायची, म्हणून बाडांचं नावही मोसमावरूनच: 'मोंसोंइश'. (हा शब्द आणि आपला 'मोसम', दोन्ही मूळचे अरबी.) कागद शाईनेच खाल्लेला, शब्द आखडलेले, 'की' या अर्थाचा शब्द नुसत्या एका अक्षरावर फराटा मारून उरकलेला. मोडी वाचणाऱ्याला हे दुखणं ओळखीचं वाटेल.

म्हणून पोर्तुगीज शीक. गोवा विद्यापीठात आणि जेएनयूत ती शिकवतात. फ्रेंच-जर्मन पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटला सहज शिकता येईल, पण त्या भाषांतल्या संशोधनात तुझी गाठ पॅरिस-बर्लिनमध्ये वाढलेल्या मुलांशी. पोर्तुगीजच्या जोडीला मोडी घेतलीस, तर 1739 च्या वसईच्या लढाईचे दोन्हीकडचे कागद तुला वाचता येतील. असे लोक फार नाहीत. लिस्बनच्या मुलाला तर मोडीची बाराखडीही माहीत नसते.

एम.ए.चं विद्यापीठ निवडताना नाव पाहू नकोस, युरोपवर खरंच संशोधन करणारे मार्गदर्शक आहेत का ते पाहा. नसतील तर 'आधुनिक युरोप' म्हणजे फ्रेंच राज्यक्रांतीच्या नोट्स, एवढंच हाती लागतं.

परीक्षा संपली की मोडीचा वर्ग लाव, पोर्तुगीजची चौकशी कर. सहा महिन्यांनीही दोन्ही सुटलं नसेल, तर परत लिही. मग शिष्यवृत्त्यांचं बोलू.