रिबिल्डनंतर (इंजिन उघडून नवे भाग टाकल्यावर) जेट स्की सुरू होत नसेल तर

लगेच इंजिन परत उघडू नकोस. जुन्या टू-स्ट्रोकमध्ये बहुतेक वेळा दोष आतल्या नव्या भागांत नसतो, जोडताना राहून गेलेल्या एखाद्या गोष्टीत असतो.

आधी बॅटरी पूर्ण चार्ज कर आणि अर्थची वायर बघ. रंगवलेल्या इंजिन-केसवर (बाहेरच्या कवचावर) ती घट्ट बसली तरी करंट नीट जात नाही, तेवढी जागा घासून धातू उघडा कर. मग थ्रॉटल पूर्ण उघडा धरून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोज. दोन्ही सिलिंडरच्या आकड्यांत 10 टक्क्यांहून जास्त फरक नको. प्लग काढून स्टार्टर फिरवताना प्लगच्या वायरी अर्थ केलेल्याच (इंजिनच्या धातूला जोडलेल्या) असू देत, नाहीतर सीडीआय, म्हणजे स्पार्क देणारा इलेक्ट्रॉनिक बॉक्स, जळू शकतो.

स्पार्क आहे? मग प्लगच्या भोकातून ऑइल मिसळलेलं पेट्रोल चमचाभर टाक आणि प्लग लावून स्टार्टर मार. क्षणभर पेटून बंद पडलं तर इंजिन ठीक आहे, त्याला पेट्रोल मिळत नाहीये. इथेच खरी गंमत आहे. या मशीनचा फ्युएल पंप क्रँककेसमधल्या (पिस्टनखालच्या बंद भागातल्या) दाबाच्या ठोक्यांवर चालतो. ते ठोके नेणारी बारीक पल्स लाइन उलटसुलट जोडली गेली, चिरली किंवा गॅस्केटनं तिचं भोक झाकलं, की पंप गप्प. क्रँक सील (क्रँकशाफ्टभोवतीचं रबरी सील) गळत असेल तरीही तेच.

जमिनीवर होजचं पाणी थंडाव्यासाठी जोडून चालवताना आधी इंजिन सुरू, मग पाणी. बंद करताना आधी पाणी बंद, मग इंजिन. हा क्रम चुकला तर पाणी सिलिंडरमध्ये शिरतं.