२०१५ ची डिझेल स्विफ्ट देऊन २०१२ ची मोठी सेडान घ्यावी का?

तीन वर्षांपूर्वी मी नेमका तुमच्याच जागी होतो, म्हणून सविस्तर लिहितो. तुम्ही लिहिलंत तसं, तुमची स्विफ्ट पंच्याऐंशी हजार किलोमीटर चाललेली. समोर २०१२ ची पेट्रोल ऑटोमॅटिक सेडान: लेदर सीट, सनरूफ, सहा एअरबॅग. वरून फक्त साठ हजार द्यायचे. मीही जवळपास असाच सौदा केला. ती गाडी आजही दारात उभी आहे आणि मला ती विकायची नाही. तरीसुद्धा तुम्हाला डोळे झाकून ‘घ्या’ म्हणणार नाही.

बाबांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं होतं आणि दर महिन्याला नागपूरहून चंद्रपूरची फेरी ठरलेली. स्विफ्टमध्ये बुटीबोरी सोडली की ते अवघडून बसायचे, प्रत्येक खड्ड्याला हात वरच्या हँडलकडे जायचा. मोठ्या गाडीतून पहिल्यांदा निघालो तेव्हा जाम गाव यायच्या आधीच त्यांचा डोळा लागला, तो थेट वरोऱ्याला उघडला. हे सुख कोणत्याही हिशेबात बसत नाही, आणि मी ते आजही हलकं मानत नाही.

आता दुसरी बाजू. पहिल्याच मे महिन्यात, दुपारी अडीचला, नागपुरात बर्डीवर व्हरायटी चौकाच्या सिग्नलला गाडीनं दोन झटके दिले, मीटरवर गिअरचा दिवा लुकलुकला आणि गाडी जागची हलेना. माझा गिअरबॉक्स दोन क्लचचा, कोरड्या प्रकारचा. त्याच्या क्लचना थंड ठेवायला तेल नसतं. पंचेचाळीस डिग्रीत, मुंगीच्या चालीनं सरकणाऱ्या ट्रॅफिकमध्ये ते तापत जातात. बिल झालं एक लाख अठरा हजार. गाडी जुनी झाली की तिची किंमत उतरते, पार्टची उतरत नाही. तीन-साडेतीन लाखांत घेतली तरी तिला पार्ट वीस लाखांच्या गाडीचेच लागतात. म्हणून साठ हजारांचा आकडा विसरा. त्यापलीकडे दीड लाख बाजूला ठेवता येत असतील तरच पुढचं बोलणं करा. आणि गाडी ठरवण्याआधी मेकॅनिक ठरवा, जो तशाच गाड्या रोज उघडतो आणि ज्याच्याकडे स्कॅनर आहे. सौद्याआधी त्याच्याकडून गिअरबॉक्सचे एरर कोड वाचून घ्या.

पेट्रोलचा हिशेब सरळ आहे. तुमची स्विफ्ट लिटरला वीस देत असेल, ही शहरात आठ-नऊ देईल. महिन्याला हजार किलोमीटर धरले तर डिझेलला साडेचार हजार लागतात, इथे बारा हजारांच्या आसपास. शिवाय आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि २०१२ ची गाडी त्यासाठी बनलेली नाही. इंधनाच्या रबरी नळ्या नक्की तपासून घ्या.

कागदपत्रांत सगळ्यात आधी नोंदणीची मुदत बघा. पंधरा वर्षं म्हणजे २०२७. त्यानंतर गाडी पासिंगला न्यावी लागेल. एप्रिल २०२२ पासून नूतनीकरणाचं शुल्क सहाशेवरून पाच हजार झालंय, पर्यावरण कर वेगळा, आणि मुदत वाढते ती पाचच वर्षांची. गाडी मूळची दिल्लीची असेल तर जास्त जपा. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले, तेव्हापासून मुदत संपत आलेल्या चकचकीत गाड्या स्वस्तात बाहेर निघतात. नागपूरच्याच नोंदणीची म्हणजे एमएच ३१ किंवा ४९ ची, पहिल्या मालकाची, सर्व्हिसच्या सगळ्या नोंदी असलेली गाडी पन्नास हजार महाग पडली तरी मी तीच घेईन. विम्याचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) गाडीचा नसून तुमचा असतो, तो स्विफ्टसोबत जाऊ देऊ नका.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, आधीचे दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. माझ्या गाडीवर २३१५ होतं, म्हणजे २०१५ चा तेविसावा आठवडा. नक्षी अगदी नव्यासारखी, पण कडेला नखानं दाबलं की बारीक भेगा उघडायच्या. अशा टायरवर समृद्धीला एकशेवीसनं जायचं? मी पहिल्याच दिवशी चारही बदलले.

तुमची स्विफ्टही कमी लेखू नका. ते १२४८ सीसीचं मल्टिजेट इंजिन नीट सांभाळलं तर अडीच लाख किलोमीटर सहज काढतं, आणि एप्रिल २०२० पासून मारुतीनं डिझेल गाड्या बंदच केल्यात. एक्सचेंजमध्ये मिळतोय तो भाव पक्का मानण्याआधी आठ दिवस स्वतः विकून बघा.

माझं मत विचाराल तर, महिन्याला हजाराच्या वर धावत असाल तर स्विफ्टच ठेवा. चारशे-पाचशेच असेल, घरात वयस्कर माणसं असतील आणि ते दीड लाख खरंच बाजूला पडणार असतील, तर घ्या. मात्र सकाळच्या गारव्यात वर्धा रोडवर चक्कर मारून हो म्हणू नका. दुपारी दोनला, एसी पूर्ण लावून, बर्डीतून महाल भागापर्यंत नेऊन आणा, आणि परत आल्यावर गाडी चालू ठेवूनच बोनेट उघडा.