मुलाच्या दम्यासाठी प्रिव्हेंटर पंप सुरू करताय? मग हे वाचा

मूल खेळतंय, खोकला नाही, मग रोज पंप कशाला, असं वाटणारच. पण त्यातलं स्टिरॉइड औषध, म्हणजे बुडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोन, श्वासनलिकांची आतली सूज हळूहळू उतरवतं. पूर्ण फरक दिसायला काही आठवडे जातात. बरं वाटलं म्हणून परस्पर बंद करू नका, डोस डॉक्टरच कमी करतील. धाप लागली तर लगेच आराम देणारं साल्ब्युटामॉलच. तो पंप वेगळा आणि कायम हाताशी हवा.

खरी गोम स्पेसरमध्ये, म्हणजे पंपाला जोडायच्या पोकळ नळीत आहे. पंप हलवा, मास्क नाक-तोंडावर घट्ट बसवा, एकच पफ मारा आणि पाच-सहा श्वास शांतपणे घेऊ द्या. दुसरा पफ त्यानंतर. रडत्या मुलाच्या फुप्फुसात औषध फारसं पोचत नाही, आधी त्याला शांत करा. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुऊन तसाच वाळू द्या; फडक्याने पुसला की औषध आतल्या भिंतीलाच चिकटतं.

नंतर चूळ भरायला लावा, नाहीतर तोंडात बुरशी होऊ शकते. ब्रश करण्याआधी पंप ठेवलात की दोन्ही उरकतं.

‘स्टिरॉइड’ ऐकून नातेवाईक घाबरवतील. उंचीत साधारण सेंटिमीटरभर फरक पडू शकतो, हे खरं. पण आटोक्यात नसलेला दमा जास्त महागात पडतो. उंची मात्र दर भेटीत मोजून घ्या.